संगणक निवडताना

मुलांनो, बाजारात बैल घ्यावयास गेलेला शेतकरी केवळ रंगविलेली शिंगे पाहून सौदा करीत नाही. आपली जमीन किती, ती काळी की मुरमाड, हे तो आधी मनात आणतो. मग बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि त्यानंतरच दावे हाती घेतो. घरात संगणक आणतानाही हीच रीत पाळली पाहिजे. तथापि येथे शहाणी माणसेही भुलतात. आमच्याच घरची हकीकत सांगतो.

माझा धाकटा भाऊ शेती करतो. काही वर्षांपूर्वी सोयाबीनचे पैसे हाती येताच त्याने आपल्या मुलीसाठी संगणक घेण्याचे ठरविले. तिला कामे दोनच होती : शाळेचा अभ्यास करणे आणि आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, तोंडच्या जात्यावरील ओव्या उतरवून ठेवणे. दुकानदाराने टेबलावर ठेवावयाचा एक मोठा संगणक पुढे केला. त्यात वेगवान खेळांसाठी लागणारे महागडे ग्राफिक्स कार्ड होते आणि रंगीत दिवे लुकलुकत होते. भाऊ त्या झगमगाटाला भुलला. सारी रक्कम तेथेच संपली. वीज गेली तरी संगणक काही मिनिटे चालू ठेवणारे यूपीएस घेण्यास पैसे उरले नाहीत.

गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. प्रत्येक वेळी संगणक एकाएकी बंद पडे. अखेर एके दिवशी त्याची हार्ड डिस्क निकामी झाली. वर्षभर लिहिलेल्या ओव्या तिच्यात होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. आई पुन्हा सांगावयास बसली. परंतु तिचे वय झाले होते. कित्येक ओव्या तिला पुन्हा आठवल्याच नाहीत.

दुसऱ्या वेळी दुकानात जाण्यापूर्वी आम्ही कागद घेऊन बसलो. पहिला प्रश्न लिहिला : काम कोणते? लेखन, वाचन, हिशेब आणि दूरस्थ पाठ ऐकणे यांसाठी महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नसते. दुसरा प्रश्न : संगणक वापरावयाचा कोठे? जेथे वीज वारंवार जाते, तेथे लॅपटॉप सोयीचा, कारण त्याची बॅटरी त्याच्या पोटातच असते. जेथे एकाच जागी बसून काम करावयाचे आहे, तेथे टेबलावरचा संगणक चांगला. त्याचा पडदा मोठा असतो व बिघडलेला भाग सहज बदलता येतो. मात्र त्यासोबत यूपीएस हवे.

तिसरा प्रश्न अंतरंगाचा. रॅम म्हणजे जणू आपले लिहिण्याचे मेज आणि साठवणुकीची डिस्क म्हणजे कपाट. मेज लहान असेल तर एक वही मिटल्यावाचून दुसरी उघडता येत नाही. नेहमीच्या कामाला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण पुरते. साठवण एसएसडी प्रकारची असावी. तिच्यात फिरणारी चकती नसते. त्यामुळे ती वेगाने चालते आणि धक्क्याने सहसा बिघडत नाही.

केवळ स्वस्त मिळतो म्हणून फार जुना संगणक घेऊ नये. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. अशा वेळी लिनक्स ही विनामूल्य प्रणाली उपयोगी पडते. या दोन्ही प्रकारच्या प्रणालींवर इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहिता येते. लिब्रेऑफिस हे लेखनाचे साधनही विनामूल्य आहे.

शेवटी आम्ही दुकानात गेलो. कळफलकावर हात चालवून पाहिला, पडद्यावरील अक्षर वाचून पाहिले, हमीची मुदत विचारली, दुरुस्तीची सोय जवळ आहे याची खात्री केली आणि पक्की पावती घेतली. लॅपटॉप साधाच घेतला. म्हणून काही पैसे उरले. त्यांतून प्रती ठेवण्यासाठी एक स्वतंत्र डिस्क विकत घेतली.

आईने पुन्हा सांगितलेल्या ओव्या आज दोन ठिकाणी सुरक्षित आहेत. ज्या गेल्या, त्या मात्र कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत. मुलांनो, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तर खरेच. परंतु कोणतीही वस्तू घेताना प्रथम आपली गरज ओळखावी, हे त्याहूनही महत्त्वाचे आहे.

स्वाध्याय

१. पहिला संगणक निवडताना भावाची कोणती चूक झाली?
२. रॅमला मेजाची व डिस्कला कपाटाची उपमा का दिली आहे?
३. 'झगमगाटाला भुलणे', 'नेम नसणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या घरी संगणक घ्यावयाचा असल्यास दुकानात जाण्यापूर्वी कोणते प्रश्न कागदावर लिहाल?