कच्च्या चिकूने तोंड का आवळतं?

प्रश्न : आमच्या वाडीत कालीपत्ती चिकू आहे. झाडावरून उतरवलेला चिकू लगेच खाल्ला की तोंड आवळतं, जीभ जाड झाल्यासारखी वाटते. आजी म्हणते, हा चिकाचा गुण. चार-पाच दिवसांनी तोच चिकू गोड लागतो. मग चीक जातो कुठे? आणि तुरट चव जिभेला कळते कशी?
– इयत्ता दहावीतली विद्यार्थिनी, चिखले (ता. डहाणू)

उत्तर : आजीचं अर्धं बरोबर आहे. कच्च्या चिकूत दोन वेगळ्या गोष्टी असतात. ओठांना चिकटतो तो चीक. तोंड आवळतं ते टॅनिन नावाच्या पदार्थांमुळे. दोन्ही एकाच घासात तोंडात जातात, म्हणून सगळा दोष चिकाच्या माथी येतो.

आधी चीक. देठ मोडला की पांढरे थेंब येतात, ते पाहून पुष्कळ जण त्याला झाडाचं रक्त म्हणतात. ते तसं नाही. रक्त अन्न आणि प्राणवायू वाहून नेतं. झाडात पाणी वर चढतं ते जलवाहिन्यांतून आणि पानांत तयार झालेली साखर फिरते ती रसवाहिन्यांतून. चिकाच्या पेशी या दोन्हींहून निराळ्या, त्यांच्यात तो नुसता भरून असतो. साल फुटली की बाहेर येतो, हवेवर घट्ट होतो, जखम बुजवतो आणि कुरतडणाऱ्या किड्याचं तोंडही चिकटवून टाकतो. आपल्या बोटाला कापलं की काही मिनिटांत फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जाते आणि रक्त थांबतं. रक्ताशी चिकाचं साम्य आहे ते एवढ्या एका कामापुरतं.

चिकात रबराच्या जातीचा पदार्थ असतो. म्हणून वाडीतून आल्यावर हात नुसत्या पाण्याने निघत नाहीत, आधी खोबरेल तेल चोळावं लागतं. चिकूचं मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथे या झाडाच्या खोडाला चिरा पाडून चीक गोळा करत आणि आटवून चघळत. पुढे त्यातूनच च्युइंगगमचा धंदा उभा राहिला. तुमच्या शेजारच्या घोलवडला चिकूची लागवड झाली ती १८९८ साली, असं फलोद्यानाच्या पुस्तकांत दिलेलं असतं. कलमं बांधतात ती मात्र इथल्या खिरणीच्या खुंटावर. खिरणी, बकुळ आणि तलासरीच्या रानातला मोह ही सगळी चिकूच्याच कुळातली. बकुळीचं केशरी फळ खाल्लं असेल, तर तुरटपणा या घराण्याला नवा नाही हे तुला ठाऊक असेल.

आता टॅनिन. कातडं कमावताना बाभळीची साल किंवा हिरडा वापरतात, त्यांतला कामाचा पदार्थ हाच. टॅनिन प्रथिनांना धरतं आणि त्यांचा साका करतं. कातडं टिकतं ते त्यामुळे. तुझ्या तोंडात तेच घडतं, फक्त कातड्याऐवजी लाळेवर. कानाखालच्या लाळग्रंथींतून येणाऱ्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने भरलेली प्रथिनं भरपूर असतात. एरवी ती तोंडाला वंगणासारखी उपयोगी पडतात. कच्च्या चिकूचं टॅनिन त्यांना पकडून त्यांचे बारीक कण करतं, वंगण उडतं आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. दुसरा घास पहिल्यापेक्षा जास्त तुरट लागतो, कारण उरलेलं वंगणही तोवर संपत आलेलं असतं.

म्हणजे तुरटपणा ही मुख्यतः चव नाहीच, स्पर्श आहे. आयुर्वेदाने सहा रसांत त्याला मानाची जागा दिली आहे आणि जेवणाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण शरीरशास्त्र चवी मोजतं त्या गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. तुरटपणाची वर्दी मेंदूला पोचते ती प्रामुख्याने चेहऱ्याच्या स्पर्शाच्या मज्जातंतूमार्फत. खात्री करायची असेल तर कच्च्या चिकूची फोड जिभेला न लावता वरचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये फिरव. तिथे रुचिकलिका नाहीत, तरी आवळल्यासारखं वाटेल. साका डोळ्यांनी पाहायचा असेल तर अंड्याचा पांढरा भाग पाण्यात ढवळून गाळून घे आणि त्यात थंड केलेला कोरा, दाट चहा ओत. मिश्रण गढूळ होईल. चहातही टॅनिनाच्या जातीचेच पदार्थ असतात. चहात दूध घातलं की तुरटपणा कमी होतो, कारण दुधातली प्रथिनं लाळेच्या आधी पकडली जातात.

चार-पाच दिवसांत फळात बरंच काही घडतं. चिकू तोडल्यावरही श्वास घेत असतो, आणि पिकताना त्याचा श्वसनाचा वेग वाढतो. तो एथिलीन वायू सोडतो, हाच वायू पुढचं पिकणं आणखी ढकलतो. म्हणून फळं गवतात किंवा तांदळाच्या डब्यात कोंडून ठेवली की लवकर पिकतात, आणि टोपलीतला एक पिकला की बाकीचे मागोमाग येतात. पेशींच्या भिंतींतलं पेक्टिन विघटन पावून गर मऊ होतो. चीक गोठून जातो. टॅनिनाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन इतके मोठे होतात की लाळेत विरघळत नाहीत. टॅनिन फळातच असतं, पण लाळेच्या हाती लागत नाही. साखरही वाढते, पण गोडी एकदम उठून दिसते ती मुख्यतः तुरटपणा बाजूला झाल्याने.

हे सगळं तयार फळातच होतं. साल नखाने किंचित खरवडून बघतात ते याचसाठी. खाली हिरवं दिसलं तर फळ अजून कोवळं, ते अढीत कितीही ठेवलं तरी नीट पिकणार नाही. कच्चा चिकू फ्रिजमध्येही ठेवू नये. थंडीने पिकण्याची साखळीच तुटते.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुझ्या वयाच्या मुलींना ती उपयोगी आहे. कच्चा चिकू किंवा कच्चं केळं लोखंडी विळीवर चिरलं की पातं काळं पडतं. टॅनिन लोहालाही धरतं, त्याचा तो रंग. पूर्वी हिरडा आणि लोहाच्या क्षारापासून शाई करत, ती याच गुणावर. पोटातही ही पकड सुटत नाही. भाजीतलं, नाचणीतलं लोह लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जायचं असतं. त्याच वेळी चहा पोचला तर शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. लिंबू पिळलं तर उलट ते वाढतं.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. पाण्याबरोबर घे, आणि मधे तास-दोन तास जाऊ दे. मैत्रिणींनाही सांग.