प्रवरेच्या काठी

मुलांनो, तुम्ही तोटीचा लोटा पाहिला असेल. वुजू करताना त्याच्या तोटीतून पाणी ओततात. तोटीची अशीच मातीची भांडी महाराष्ट्रात तीन हजार वर्षांपूर्वीही होती. ती प्रवरा नदीच्या काठी सापडली.

प्रवरा ही गोदावरीची उपनदी आहे. तिच्या काठी जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद ही ठिकाणे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९५४ पासून नेवासे येथे उत्खनन केले. तेथे नदीच्या जुन्या गाळात दगडी हत्यारे मिळाली. ती लाखो वर्षांपूर्वीची आहेत. त्या वेळी माणसाला शेती माहीत नव्हती. तो शिकार करी आणि कंदमुळे खाई.

पुढे माणूस शेती करू लागला. इ. स. पू. १४०० च्या सुमारास या काठावर अनेक खेडी होती. लोक कुडाच्या घरात राहत. ते जव आणि मसूर पिकवीत, गुरे पाळीत. तांबड्या भांड्यांवर ते काळी नक्षी काढीत. अशी भांडी प्रथम जोर्वे येथे ओळखली गेली, म्हणून या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' म्हणतात.

हे लोक आपल्यासारखेच मायाळू होते. मूल वारले, की दोन रांजणांची तोंडे जोडून त्यात ते त्याला घराच्याच जमिनीखाली पुरत. नेवासे येथे एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. आईबापांना आपले मूल दूर नको वाटत असेल, नाही का?

तांबे येथे मिळत नसे. ते बहुधा राजस्थानातून येई. दायमाबादला तर सिंधू लिपीतील अक्षरे असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. म्हणजे दूरदूरच्या लोकांशी येथील लोकांचे संबंध होते. १९७४ साली तेथे झाडाचे मूळ खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी धातूची चार शिल्पे सापडली. त्यांचे एकूण वजन ६० किलोपेक्षा जास्त आहे. ती नेमकी कोणत्या काळातील, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत.

इ. स. पू. १००० च्या सुमारास ही खेडी ओस पडली. पाऊस कमी झाला असावा, असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. पाणी गेले, की वस्ती जाते.

मुलांनो, शेतात खापर किंवा जुनी वस्तू दिसली, तर ती फोडू नका, विकू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि गुरुजींना सांगा. कोणास ठाऊक, ते खापर इतिहासाचे एक पान असेल!

शब्दार्थ
उत्खनन – जुन्या वस्तूंच्या शोधासाठी जमीन खणणे
कूड – काड्यांची, मातीने लिंपलेली भिंत
ओस – निर्जन, रिकामे
खापर – मातीच्या भांड्याचा तुकडा

स्वाध्याय
१. 'जोर्वे संस्कृती' हे नाव कशावरून पडले?
२. दूरच्या लोकांशी संबंध होते, हे कशावरून कळते?
३. जुनी वस्तू सापडल्यास तुम्ही काय कराल?