वकिलीच्या लेखणीविषयी

॥ श्री ॥

सातारा,
आश्विन शुद्ध एकादशी

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. तुझे पत्र परवा पोहोचले. सनद हाती पडली, जिल्हा न्यायालयात एका जाणत्या वकिलांच्या हाताखाली बसण्याची तजवीज झाली, आणि त्या निमित्ताने दादाने तुझ्यासाठी काळ्या एबोनाइटचे हातघडणीचे फौंटन पेन करावयास सांगितले, ही सर्व वार्ता वाचून संतोष झाला. निब कोणती बसवू आणि शाई कोणती वापरणार, असे दोन प्रश्न कारागिराने विचारले असता त्यांना परस्पर उत्तर न देता तू ते मजकडे रवाना केलेस, यात तुझा विवेक दिसतो. कारण तू काय लिहिणार, कोणत्या लिपीत आणि कशावर लिहिणार, आणि ते किती वर्षांनी कोणी वाचावे अशी तुझी अपेक्षा आहे, याचा निर्णय झाल्यावाचून त्या प्रश्नांना उत्तरच नाही. दस्तनोंदणीच्या खात्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला असे काही विचारले की उत्तर लांबते, हे तू गृहीत धरले असशीलच.

प्रथम निबेचे पाहू. निबेवर एफ, एम, बी अशी जी अक्षरे कोरलेली असतात ती रेषेची जाडी सांगतात. परंतु कोणती जाडी कोणास सोयीची हा विचार रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून झालेला आहे, ही गोष्ट आपले विक्रेते सांगत नाहीत, आणि बहुधा त्यांनाही ती कधी जाणवलेली नसते. युरोपीय एम निबेची रेषा सुमारे ०.८ मिलिमीटर भरते, एफची सुमारे ०.६, जपानी निबा मात्र, त्या लोकांना चिनी वळणाची गजबजलेली चिन्हे रोज लिहावी लागत असल्याने, त्याच नावाखाली एक पायरी बारीक निघतात. आता तुझ्या वहीच्या दोन ओळींत आठ मिलिमीटर अंतर आहे असे धर. त्या आठांतून वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना जागा द्यावयाची, खाली उकार, ऋकार आणि मोडलेले पाय यांना द्यावयाची. म्हणजे खुद्द अक्षराच्या अंगाला जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटर उरतात, आणि तेवढ्याच जागेत कधी ‘ष्ट्र’ तर कधी ‘द्ध’ बसवावा लागतो. एम निबेने ‘निष्कर्ष’ हा शब्द नेहमीच्या आकारात लिहून पाहा. ‘ष’च्या पोटातील तिरकी रेघ पोटाला चिकटून तेथे नुसता डाग उरतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातील भेद तर एवढ्याशा गाठीवर किंवा शिरोरेघेतील खंडावर अवलंबून असतो, आणि ती गाठ शाईने बुजली की खातेदाराचे आडनाव बदलते. साहित्यिकाला हा दोष परवडतो, कारण वाचक संदर्भाने शब्द ओळखून घेतो. आडनावाला आणि गट क्रमांकाला संदर्भ नसतो. सबब तुझी निब एफ असावी, आणि ती जपानी मापाची मिळाली तर अधिक बरे. इंग्रजी मजकूर तिने किंचित रोडका दिसेल, तो दिसू दे.

दुकानात तुला तिरक्या किंवा चपट्या टोकाची, जाडबारीक रेघ काढणारी निबही दाखवतील, आणि तुझे अक्षर वळणदार असल्यामुळे तुला तिचा मोह पडेल. त्या मोहाला एक ऐतिहासिक हरकत आहे. आपल्याकडील बोरू तिरका छाटीत, पण त्याचा तिरकेपणा रोमन लिपीच्या लेखणीच्या नेमका उलट्या अंगाचा असे. त्यामुळे देवनागरीत जी रेघ भरदार पडावयाची ती पाश्चात्त्य घडणीच्या निबेने कृश पडते, जी नाजूक यावयाची ती फुगते, आणि इतके श्रम करून कागदावर उतरते ते वेषांतर केलेले रोमन वळण. समारंभाची निमंत्रणे लिहिण्यास तशी निब हवीच असेल तर उलट घासून घ्यावी. कैफियतीचा मसुदा तिने लिहू नये.

शिरोरेघेचाही विचार कर, कारण शाई किती सुटावी हे आपल्या लिपीत तीच ठरवते. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरांची साखळी विणीत. आपण मात्र शब्द लिहून झाल्यावर मागे फिरतो आणि नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांच्या माथ्यावरून रेघ नेतो. निब फार ओली असली तर ही परतीची रेघ प्रत्येक काना ओढत नेते. फार कोरडी असली तर रेघ मध्येच तुटते आणि शब्दाचे दोन शब्द होतात. म्हणून कारागिराला ‘मध्यम प्रवाहाची निब दे’ एवढेच न सांगता आपल्या हाताने एक मराठी परिच्छेद लिहून पाठव आणि यावरून निब जुळवून दे असे कळव. जाणता कारागीर अशा विनंतीने रागावत नाही.

सोने की पोलाद, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण दादा विचारील. सोन्याची प्रतिष्ठा ज्या काळात वाढली त्या काळातील शाया आम्लयुक्त असत, त्या साध्या पोलादाला खात आणि चौदा कॅरट सोन्याला खात नसत, एवढेच तिचे मूळ कारण. कागदाला जो भाग टेकतो तो सोन्याचा नसतोच. तेथे एक कठीण मिश्रधातूचा कण जोडलेला असतो, ज्याला परंपरेने इरिडियम म्हणतात, जरी आज त्यात बहुधा रुथेनियम, ऑस्मियम अशा त्याच्या भाऊबंदांचाच भरणा असतो. पोलादी निबेलाही तसाच कण असतो. तेव्हा दादाला माझा निरोप सांग की सोन्याच्या निबेचे पैसे त्याने तुझ्या कायद्याच्या पुस्तकांकडे वळवावेत. निबेखालची जीभ मात्र प्लॅस्टिकची न घेता एबोनाइटची मागून घे. तिला शाई चांगली धरते, आणि गरज पडल्यास गरम पाण्यात किंचित मऊ करून ती निबेला बसती करता येते. हे काम अर्थात कारागिराचे, तुझे नव्हे.

निब पारखताना एक सावधगिरी बाळग. दुकानदार निब दौतीत बुडवून तुझ्या हाती देतो, आणि जिभेच्या सगळ्या चिरा शाईने भरलेल्या असल्यामुळे त्या वेळी कोणतीही निब वाहती आणि गुळगुळीत भासते. ही तिची खरी चाल नव्हे. टीपकागदाने ती टिपून घे, दोन-तीन ओळी लिही, आणि मग पाहा. शब्दाचा पहिला फटका उमटतच नसेल तर टोक अतिगोल घासले गेले आहे असे समज. एकाच दिशेला खरखर लागत असेल तर दोन पात्यांपैकी एक खालीवर झाले आहे, आणि भिंगातून पाहिले की ते उघड दिसते. शेवटी, पेन ज्या कोनात तू नेहमी धरतेस त्याच कोनात धर. परीक्षेला बसल्यासारखे ताठ धरून पारखलेली निब घरी आल्यावर निराळी वागते.

तुझे पेन थेंबनळीने भरावयाचे आहे, म्हणजे शाई सरळ दांड्यात राहणार. या जातीचा एक स्वभाव जाणून ठेव. निम्म्याहून अधिक शाई संपली की आतली रिकामी जागा हवेने भरते, तुझ्या हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते, आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट नसल्याने शाईलाच पुढे ढकलते. मग नेमका महत्त्वाच्या कागदावर टपोरा डाग पडतो, आणि लोक निबेला दोष देतात. एक तृतीयांश शाई उरली की भरून घ्यावी. वैशाखात तर हा नियम मोडूच नये.

आता शाई. येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण निब चुकली तर बदलता येते, आणि शाई चुकली हे कळते तेव्हा बहुधा लिहिणारा हयात नसतो.

आपल्या पूर्वजांची शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची. काजळ म्हणजे निव्वळ कार्बन. उजेडाने तो विटत नाही, हवेने बदलत नाही, आणि म्हणून पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल सोडला की दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे अक्षर आजही काळेभोर दिसते. पण ती शाई घोटीव कागदाच्या पृष्ठभागावर नुसती बसून राहते, पाण्याने सुटू शकते. आणि फौंटन पेनात घातली तर त्यातील कण व डिंक जिभेच्या चिरांत सुकून पेन कायमचे बसते. चित्रकारांची ‘इंडिया इंक’ या नावाची बाटली मोहक दिसते, तिला हात लावू नकोस.

दुसरी शाई मायफळ आणि हिराकस यांची. मायफळातील टॅनिन (आपल्या महाबळेश्वरच्या रानातील हिरड्यातही ते विपुल असते) आणि हिराकसातील लोह यांचा संयोग लिहिते वेळी जवळजवळ वर्णहीन असतो; लिहिणाऱ्याला अक्षर दिसावे एवढ्याचसाठी तीत निळा रंग मिसळतात. पुढे हवेतील प्राणवायू लागला की कागदाच्या तंतूंतच लोहाचे काळे संयुग तयार होते आणि ते धुऊन जात नाही. निळीकाळी शाई ती हीच. इंग्लंडात जन्ममृत्यूच्या नोंदवह्या याच शाईने लिहीत, आणि युरोपातील शतकानुशतकांचे दस्तऐवज हिच्याच भरवशावर उभे आहेत. दोष तिचा आम्लतेचा. जुन्या, अतितीव्र शायांनी कागदाची चाळण केल्याची उदाहरणे संग्रहालयांत दिसतात. हल्ली मिळणाऱ्या सौम्य आहेत, आणि गंजरोधक पोलादाची निब त्यांना बरीच वर्षे पुरून उरते.

तिसरी, आणि बाजारात सर्वांत अधिक खपणारी, निव्वळ पाण्यात विरघळलेल्या रंगाची. शाळकरी वयात आपण सर्वांनी जी वापरली ती रॉयल ब्लू हीच. गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुड्या व वड्या काढल्या आणि त्यातून पुढे उंट छाप शाई व कॅम्लिन उभे राहिले. बंगालमधील राजशाही येथे मैत्र बंधूंनी १९३४ साली सुलेखा शाई काढली. परदेशी शाईच्या बाटलीला उत्तर देण्याची ती स्वदेशी ईर्षा होती, आणि त्या शाईने या देशाच्या दोन-तीन पिढ्या साक्षर झाल्या, हे ऋण मी विसरत नाही. ती पेनाला निरुपद्रवी, स्वस्त आणि धुण्यास सोपी आहे. टिपणे, मसुदे, खाजगी पत्रे यांसाठी तिच्याहून चांगली दुसरी नाही. पण ती पाण्याने पसरते, उन्हाने फिकटते, आणि शाई खोडण्याच्या द्रव्याने तर अशी नाहीशी होते की खाली काय लिहिले होते याचा मागमूस राहत नाही. मी एका नोंदणी कार्यालयात असताना पावसाळ्यात कपाटाची मागची भिंत पाझरली आणि खालच्या फळीवरील नकलांची पुस्तके भिजली. निळ्याकाळ्या शाईने लिहिलेली पाने वाळवून पुन्हा कामास आली, आणि ज्या पानांवर कोणी सोयीची धुता येणारी निळी वापरली होती तेथे अर्जदाराला नक्कल देण्याजोगे काही शिल्लक नव्हते. मिळकतीचा हक्क कायद्याने शाबीत असतो खरा, पण तो दाखवावयाचा असतो कागदावर.

तेव्हा माझे मत असे, की तुझ्या या पेनात मायफळाची निळीकाळीच असावी, आणि टिपणांसाठी एखादे स्वस्त पेन रॉयल ब्लूने भरून वेगळे ठेवावे. मात्र बाटलीवर ‘ब्लू-ब्लॅक’ छापले आहे एवढ्यावर इतबार ठेवू नकोस. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक शाया म्हणजे निळ्या व काळ्या रंगांचे साधे मिश्रण असते. एक ओळ लिही, दोन दिवस ठेव, मग तीवर पाण्याचा थेंब सोड. निळा रंग वाहून गेल्यावर खाली करडी-काळी ओळ स्पष्ट उरली तर शाई अस्सल. तांबडी शाई शेऱ्यापुरती ठीक, पण ती उजेडात फार लवकर विटते. जांभळी, हिरवी, चकाकणाऱ्या कणांची, या आजच्या तरुणांच्या हौसेच्या शाया आहेत. हौस वाईट नाही, ती वकालतनाम्यावर असू नये.

शाईची परीक्षा दुकानातील गुळगुळीत कागदावर करू नये. कोर्टाचा जाड लेजर कागद, तुझ्या वरिष्ठांच्या कचेरीतील झेरॉक्सचा कागद आणि तुझी वही, हे तिन्ही खिशात घेऊन जा. खळ कमी असलेल्या कागदावर अक्षराला मुळ्या फुटतात आणि एफची एम होते.

दर पंधरवड्यास पेन साध्या थंड पाण्याने धुवावे. गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग उडून तपकिरी छटा येते. एका शाईत दुसरी कधीही मिसळू नये. त्यांची आम्लता भिन्न असली तर गाळ धरतो. आणि ज्याचे पेन त्यानेच वापरावे, दुसऱ्याच्या हाताने निबेचे वळण बिघडते, असे जे आपले वडीलधारे सांगत आले त्यात माझ्या मते तथ्य थोडे आहे. त्या कठीण कणाची झीज इतकी संथ होते की एका सहीने काही बिघडत नाही. भीती असते ती बॉलपेनच्या सवयीने दाबून लिहिणाऱ्याची, कारण त्याच्या एका सहीत दोन्ही पाती फाकतात. तेव्हा पक्षकाराला सहीसाठी पेन द्यावयाचे ते टिपणांचे दे.

टीपकागद हल्ली सहजी मिळत नाही असे ऐकतो. माझ्याजवळ बराच शिल्लक आहे. दिवाळीत दादा इकडे येईल तेव्हा त्याच्या हाती देईन. वहिनींस नमस्कार सांग, आणि निब आली की तिने लिहिलेला पहिला मसुदा मजकडे पाठव; त्यातील कायदा मला कळणार नाही, पण ‘ष’ कसा उतरला ते पाहीन. कळावे, लोभ असावा हे आशीर्वाद.

तुझा
काका