कूलंट उतरते, गळती दिसत नाही

इंजिनातले कूलंट संपण्यासाठी नसते. इंजिन ऑइल थोडेफार जळते, ब्रेक ऑइलची पातळी पॅड झिजतील तशी खाली येते. कूलंट मात्र बंद मार्गात इंजिन ते रेडिएटर आणि रेडिएटर ते इंजिन असे फिरत राहते. कूलंटच्या टाकीवरच्या ‘मॅक्स’ आणि ‘मिन’ या खुणांमधली पातळी इंजिन गरम झाल्यावर चढते आणि थंड झाल्यावर उतरते, तेवढे चालायचेच. पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, सपाट जागेवर, तीच पातळी दर महिन्याला बोटभर खाली सापडत असेल तर कूलंट बाहेर जाते आहे, हे नक्की. ‘उन्हाळा आहे, उडतंच थोडं’ हे गॅरेजमध्ये हमखास मिळणारे उत्तर अशा वेळी स्वीकारू नये.

संथ गळती सापडत नाही, त्याचे कारण तापमान आणि दाबात आहे. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 90 अंश सेल्सियसला उघडतो. कूलंट भरण्याच्या तोंडाचे झाकण सुमारे 1 बार दाब धरून ठेवते, म्हणून 100 अंश ओलांडले तरी आतले द्रव उकळत नाही. बारीक फटीतून सुटलेला थेंब तापलेल्या धातूवर पडतो आणि जमिनीवर पोचण्याआधीच वाळतो. पाणी उडून जाते, रंग आणि क्षार मागे उरतात. त्यामुळे गाडीखाली थारोळे शोधण्यापेक्षा बॉनेट उघडून डाग शोधावेत. होज पाइपच्या तोंडाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या ॲल्युमिनियमला जोडलेल्या कडांवर, थर्मोस्टॅटच्या घराभोवती पांढुरकी, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी दिसली तर तपास तिथून सुरू करावा. वॉटर पंपाच्या अंगावर एक छोटे भोक असते. आतले सील गेले की कूलंट त्यातून झिरपते. तिथे वाहिल्याचा ओघळ असेल, तर पंप बदलण्याची वेळ आलेली असते. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदलावा. मजुरी एकदाच पडते.

गाडीखाली पडणारे प्रत्येक पाणी कूलंट नसते. एसी चालू असताना ठिबकणारे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते. कूलंट बोटांना बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. चव घेऊन पाहू नये. बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असते आणि ते विषारी आहे. पार्किंगमध्ये सांडलेले भरपूर पाण्याने धुऊन टाकावे, कारण गोडीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात.

गळती केव्हा होते, हा प्रश्न कुठून होते याइतकाच महत्त्वाचा आहे. काही गळत्या दाब चढल्यावरच सुरू होतात, काही नेमक्या उलट. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या पेट्रोल गाडीतली दुसऱ्या प्रकारची होती. गॅरेजने आधी झाकण बदलले, मग रेडिएटर बदलला. पातळी उतरतच राहिली. इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्याजवळ हीटरकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप ढिली पडली होती. थंडीत रबर आक्रसे, फट पडे. इंजिन तापले की रबर फुगून ती बुजे. दुपारी गॅरेजमध्ये नेलेली गाडी त्यामुळे नेहमी कोरडीच दिसे. क्लिपच्या खालच्या बाजूला नखाने खरवडावी अशी गुलाबीसर कड जमली होती, पण ती आरसा आणि टॉर्च घेतल्याशिवाय दिसत नव्हती. महाराष्ट्रात हीटर क्वचितच लागतो, म्हणून त्याच्या पाइपांकडे कोणाचे लक्ष जात नाही. अनेक गाड्यांत हीटर बंद असला तरी त्यातून कूलंट वाहत असते. काचेच्या आतून न पुसणारी तेलकट वाफ, पायाखालचे ओले कार्पेट आणि केबिनमधला गोडसर वास ही हीटरची जाळी गळत असल्याची लक्षणे.

अशा वेळी सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा दाबाची चाचणी करून घ्यावी. झाकणाच्या जागी हातपंप बसवून थंड इंजिनातच झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि काटा पाहत थांबायचे. काटा उतरला तर गळती आहे. चाचणी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी करण्याचा आग्रह धरावा. वर सांगितलेल्या गाडीत थेंब क्लिपखाली जमताना तेव्हाच दिसला. झाकणाचीही त्याच उपकरणाने वेगळी तपासणी होते. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले द्रव उकळून अंगावर उडते.

दाब उतरतो पण बाहेर कुठेच ओल नाही, तर गळती आत आहे. हेड गॅस्केट गेले असेल तर एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, टाकीत बुडबुडे येतात, कधी ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते. लहान अंतरच चालणाऱ्या गाडीत ही साय नुसत्या दमटपणानेही येते, म्हणून तेवढ्यावरून हेड उघडायला देऊ नये. टाकीतल्या हवेत ज्वलनाचा वायू आहे का, हे निळ्या द्रवाच्या चाचणीने कळते. वायू असला की द्रव पिवळे पडते. डिझेल गाडीत एक्झॉस्टचा वायू थंड करणारा ईजीआर कूलर फुटूनही कूलंट एक्झॉस्टमध्ये जाते.

रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बुजवणारी पूड टाकण्याचा उपाय अडलेल्या रस्त्यावर गाडी घरी आणण्यापुरता समजता येईल. ती पूड पुढे हीटरच्या बारीक नळ्यांत आणि रेडिएटरमध्ये साचते. बोअरचे पाणी ओतत राहणेही तितकेच वाईट: क्षार आत बसतात आणि गंजरोधक पातळ होत जातो. तापमानाच्या काट्यावरही फार विसंबू नये. अनेक छोट्या गाड्यांत काटा नसून लाल दिवा असतो. पातळी इतकी खाली गेली की सेन्सर द्रवाबाहेर पडतो, तेव्हा तोही उशिरा इशारा देतो. भरल्या गाडीने उन्हात कसारा किंवा खंबाटकी चढताना हा उशीर हेडला महागात पडतो.

दुरुस्तीनंतर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारचे कूलंट भरावे. दोन डब्यांचा रंग सारखा म्हणून प्रकार सारखा, असे नसते. पातळ करायचे असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. भरताना आत अडकलेली हवा काढून घेतली पाहिजे, नाहीतर काटा वरखाली होतो आणि दुरुस्ती फसल्यासारखे वाटते. मग टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख लिहावी आणि इंजिन थंड असताना, त्याच जागी उभ्या गाडीत ती पाहत राहावी. काही आठवडे पातळी रेघेवर टिकली की गाडी घाटात न्यायला हरकत नाही.