घरचे पाळणाघर आणि तपासणीची तयारी





गेल्या काही दिवसांत आपल्या शाळेच्या तीन माता मला भेटून गेल्या. तिघींचा प्रश्न एकच : "मॅडम, घरी पाळणाघर काढायचे आहे. तपासणीला कोणी आले तर काय काय दाखवावे लागते?" त्यांपैकी एकीला तर एका खाजगी कार्यालयातून पाहणीला येत असल्याचा निरोपही आला आहे. तिघींना वेगवेगळे सांगण्यापेक्षा इथेच लिहावे, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल, असे वाटले. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले. त्यामुळे मधूनच ‘झूलाघर’, ‘पंजी’ असे शब्द आले तर सांभाळून घ्यावे. नाहीतरी आपल्या मध्य प्रदेशात सरकारी कागदांवर पाळणाघर हे झूलाघरच असते.

१९५६ साली भोपाळ राजधानी झाले आणि नागपूरची बरीच मराठी कुटुंबे नोकरीमुळे इकडे आली. काही पुढे कारखान्याच्या निमित्ताने आली. त्या पिढीत मूल सांभाळायला घरात आजी असे, नाहीतर शेजारच्या काकू असत. कोणी काकूंना परवाना विचारला नाही. आता कोटरा, नेहरू नगर, जवाहर चौक इकडे पाहावे तर नवरा-बायको दोघे नोकरीत आणि आजी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला, नाहीतर परदेशात. काकूंचे काम करणारे कोणीतरी हवेच आहे. फक्त आता त्या कामाचे पैसे घेतले जातात. पैसे घेतले की विचारणाराही येतो, आणि तो यावाच असे माझे मत आहे.

आधी कायद्याचे थोडक्यात. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याची जबाबदारी आली. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू देण्याचीही तरतूद झाली. हे सगळे पुढे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आले. त्या संहितेत कार्यालयाला स्वतःचे पाळणाघर न काढता बाहेरच्या सामायिक पाळणाघराची सोय घेण्याची मुभा आहे, आणि ते पाळणाघर खाजगीही असू शकते. म्हणूनच आता कार्यालयांची माणसे घरगुती पाळणाघरांची चौकशी करीत येतात. ते कोणत्या मापाने मोजतील? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली अशा पाळणाघरांसाठी किमान मानकांची मार्गदर्शिका काढली. ती मुळात कार्यालयांसाठी असली तरी घरासाठीही तेच माप धरावे. नोंदणीचा अर्ज, त्याचा नमुना आणि शुल्क यांची चौकशी महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन करावी. शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नये. जे सरकारी क्वार्टरमध्ये राहतात त्यांनी आवंटनाच्या अटी आधी वाचाव्यात, आणि जे भाड्याने राहतात त्यांनी घरमालकाची संमती लेखी घ्यावी. हे दोन कागद नसले तर पुढची सारी मेहनत पाण्यात जाईल.

आता गणित. त्या मार्गदर्शिकेप्रमाणे एका मुलामागे किमान दहा ते बारा चौरस फूट जागा हवी. आपल्याकडची बैठकीची खोली साधारण दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. भगिनी लगेच म्हणतात, "दहा मुले!" पण त्या खोलीत दिवाण आहे, सहा बाय चारचा, गेले २४. कपाट आहे, तीन बाय दोनचे, गेले ६. टीव्हीचे टेबल चार बाय दोन, गेले ८. उरले ८२. बाराने भागा. सहा मुले होतात, सातवे होत नाही. दिवाण बाहेर काढला तर आठ होतील. हे गणित वहीत लिहून ठेवावे आणि पाहुण्यांना दाखवावे. माझा अनुभव असा की तपासणाऱ्या माणसाला रंगवलेल्या भिंतींपेक्षा असे एक पान जास्त पटते.

माणसांचेही माप आहे. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सांभाळणारी, तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक, आणि सोबत मदतनीस. मला विचाराल तर घरात हे माप फार सैल आहे. दहा रांगती मुले आणि एक बाई, त्यात दारावरची घंटा वाजली तर काय? इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला आठ वर्षांखालील सहाच मुले घेता येतात, त्यांत पाच वर्षांखालची साधारणपणे तीनच आणि एक वर्षाखालचे एकच. आपण तितके कडक राहू शकणार नाही, पण तान्ही मुले दोनपेक्षा जास्त घेऊ नयेत असे मी तिघींनाही सांगितले. एकीचा चेहरा उतरला. महिन्याचा हिशेब तिने बहुधा दहांवर मांडला होता.

तयारीचा खरा धडा मात्र पुढे आहे. दुपारी घर रिकामे असेल तेव्हा दार लावून घ्यावे आणि गुडघ्यांवर बसून, रांगत रांगत सगळ्या खोल्यांतून फिरावे. हसू नका, मी स्वतः केले आहे. उभे राहून जे घर आपण वीस वर्षे पाहिले ते खालून निराळेच दिसते. ओट्याखाली फिनाइलची बाटली, आणि तीही थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरलेली. दिवाणाखाली उंदराचे औषध. गॅसच्या शेगडीची लोंबती रबरी नळी, हात घालून ओढता येईल अशी. भिंतीत कमरेच्या खाली असलेला प्लग, ज्यात लहान बोट बरोबर मावते. देवघरातली काडेपेटी. आजोबांच्या गोळ्यांची पिशवी खिडकीच्या कठड्यावर. आणि स्नानघरात भरून ठेवलेली बादली.

बादलीवर थोडे थांबते. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून बादल्या, टब, ड्रम भरून ठेवण्याची सवय. उभे राहायला शिकलेले मूल बादलीच्या काठावर वाकते, त्याचे डोके अंगाच्या मानाने जड असते, तोल गेला की ते परत वर येऊ शकत नाही. बुडायला वीतभर पाणीही पुरते, आणि आवाज होत नाही. पाणी साठवावे लागणारच. तेव्हा ते झाकणाच्या ड्रममध्ये साठवावे आणि स्नानघराच्या दाराला वरच्या बाजूला कडी लावावी. खालची कडी दीड वर्षाचे मूलही उघडते. अंगणातल्या हौदाला आणि गच्चीच्या जिन्याला हाच नियम.

दुसरी आपल्या भोपाळची गोष्ट म्हणजे कूलर. एप्रिल-मे-जूनमध्ये कूलरशिवाय मुले झोपणार नाहीत हे खरे. पण लोखंडी सांगाडा, आत पाणी आणि वीज असा हा त्रिकूट आहे. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग पाहून घ्यावे, घराच्या मुख्य बोर्डात गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच बसवावा, आणि कूलर शक्यतो खिडकीबाहेर ठेवावा. इलेक्ट्रिशियनची पावती फाइलमध्ये लावावी. ती तपासणीत कामाची.

आगीचे बोलायचे तर १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत लागलेल्या आगीत ९४ लहान मुले गेली. आग स्वयंपाकघराच्या गवती छपरापासून सुरू झाली, आणि मुलांना बाहेर पडायला मार्ग अरुंद होता. आपल्या घराला गवती छप्पर नाही, पण जाळीचे दार आहे, त्याला दुपारी कुलूप असते, आणि किल्ली? "असेल तिथेच कुठेतरी." किल्ली दाराजवळ, मोठ्यांच्या हाताला येईल अशा खिळ्यावर, कायम. महिन्यातून एकदा सगळ्या मुलांना घेऊन किती मिनिटांत बाहेर पडता येते ते घड्याळ लावून पाहावे. कॅलिफोर्नियात घरी पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना दर सहा महिन्यांनी अशी कवायत करून तारीख लिहून ठेवावी लागते. आपली एक माजी विद्यार्थिनी तिथे हे काम करते. तिने सांगितले की तपासनीस पूर्वसूचना न देता येतात, म्हणून ‘तपासणीची तयारी’ हा शब्दच तिकडे चालत नाही.

खाण्याचे सोपे ठेवावे. डबा घरूनच मागवावा. स्वतः रांधून विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. डब्यात काय आले ते मात्र पाहावे : अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, बोरे लहान मुलांच्या घशात अडकतात. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, आजीने सांगितले तरी. आणि घशात काही अडकले तर काय करायचे हे शिकून घ्यावे. वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणे करून छातीवर पाच दाब. वाचून हे येत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून किंवा प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर करून पाहावे लागते.

खेळण्यांबद्दलही एक सांगायचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, खडे अशा साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. महागडी खेळणी नाहीत म्हणून कोणी संकोच करू नये. फक्त बिया आणि खडे तीन वर्षांवरच्या मुलांनाच द्यावेत.

आता पंजीकडे येते. पंजी म्हणजे हजेरीचे रजिस्टर. तिघींपैकी एक म्हणाली, "मॅडम, चार मुलांना कसली पंजी?" तिला मी जे सांगितले ते इथेही सांगते.

१९९८ मध्ये मी शाळेत लागण्यापूर्वी भाड्याच्या दोन खोल्यांत सासूबाईंच्या मदतीने मुले सांभाळत होते. सुरुवात चारपासून झाली. कोणाला नाही म्हणवत नसे, म्हणून अकरा झाली. एका संध्याकाळी वीज गेलेली, दोन बाळे रडत होती, आणि दारात तीन वर्षांच्या एका मुलीचे काका उभे राहिले. मुलगी "काका" म्हणत धावत गेली. ओळखीचा चेहरा, मुलगी खूष, मी चप्पल घालून दिली. अर्ध्या तासाने आई आली. तिने कोणालाही पाठवले नव्हते. घरात काही महिन्यांपासून वाद चालला होता, ती माहेरी राहत होती, आणि मला यातले काहीच माहीत नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. ती माझ्या दारात उंबऱ्यावर बसून राहिली. मोबाइल तेव्हा कोणाकडे? माझे यजमान स्कूटरवर तीन घरे फिरले. पावणेदोन तासांनी मुलगी आजीकडे सापडली, दूध-पोळी खात होती. तिला काही झाले नव्हते. पण त्या पावणेदोन तासांत त्या आईने मला एक शब्दही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी आली नाही.

चूक माझी होती. काकांची नव्हे, वीज गेल्याचीही नव्हे. त्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली. प्रत्येक मुलाचे एक पान : नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचे पत्ते व फोन, लसीकरणाच्या कार्डाची प्रत, कशाची ॲलर्जी आहे का, कोणते औषध किती वाजता (पालकांच्या लेखी सूचनेशिवाय औषध नाहीच). आणि सर्वांत वर, लाल शाईने : मूल कोणाच्या हाती द्यायचे. दोन नावे, त्यांच्या सह्या, आता त्यांचे फोटोही. यादीत नसलेला माणूस सख्खा मामा असला तरी पालकांशी फोनवर बोलणे झाल्याशिवाय मूल द्यायचे नाही. रोज आल्याची आणि नेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही. लोकांना राग येतो. येऊ द्यावा.

याच पंजीत घरात वावरणाऱ्या सर्व मोठ्या माणसांची नावेही हवीत : मदतनीस बाई, तिचा घ्यायला येणारा मुलगा, आपले दीर, भाडेकरू. मदतनीसाचे पोलीस सत्यापन करून घ्यावे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने मारहाण केली, ती कॅमेऱ्यात दिसली म्हणून कळली. आपल्या घरात कॅमेरा असो वा नसो, कोणतेही मूल एका मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड राहणार नाही, हा नियम घरच्यांनाही लागू करावा. बोलायला अवघड जाते, सासरच्या मंडळींना तर फारच. तरी बोलावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाशी गैरप्रकार झाल्याचे कळूनही न कळवणे हाही गुन्हा आहे. १०९८ हा क्रमांक आणि १०८, ११२ हे तिन्ही मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावेत.

पाहणीच्या दिवशी विशेष काही करू नये. एकदा एका शाळेत तपासणीच्या आदल्या रात्री ओल आलेली भिंत रंगवली होती. सकाळी पाहुण्यांसमोर सगळ्या मुलांचे हात निळे! मुलांना नवे कपडे, गाणे म्हणून दाखवणे, समोसे-मिठाई काहीही नको. मुले झोपलेली असतील तर झोपू द्यावी, बाळे पाठीवर, तोंडाजवळ उशी-गोधडी नको. पाहुण्यांना चहा द्यायला स्वतः उठू नये, कारण तेवढ्या वेळात मुलांकडे कोण पाहते हेच ते पाहत असतात. काही कमी असेल तर "हे अजून झालेले नाही, अमुक तारखेपर्यंत करते" असे सरळ सांगावे आणि तारीख वहीत लिहावी.

माझी जुनी वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यावरून पंजीच्या पानाचा एक कोरा नमुना तयार करून शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी शनिवारी अकरा ते एक या वेळात येऊन झेरॉक्स करून न्यावा. येताना आपल्या खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजून आणावी, आणि दिवाणाचीसुद्धा.