म्हातारपणचे बिऱ्हाड

सालदाराला पेन्शन नसते. सरकारी कचेरीतल्या माणसाचे वय भरले म्हणजे त्याला हार घालतात. चार जण चांगले बोलतात. मग तो घरी जातो. सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते. एका पाडव्याला मालक म्हणतो, "बाबा, आता तुमच्यानं काम होत नाही. यंदा दुसरा माणूस पाहिला." झाले. नोकरी तेवढ्यावर संपते. भूक संपत नाही.

बायांचे याहून वेगळे आहे. कापूस वेचणाऱ्या बाईला कोणी 'पुरे' म्हणत नाही. पाठ वाकते, डोळ्यांना दिसेनासे होते, तरी दिवाळीच्या सुमारास ती ओटी बांधून शेतात जाते. वेचणीची मजुरी किलोवर असते. हात मंद झाले की मजुरी कमी होते.

पूर्वी अशा माणसांना घरातच काम असे. म्हातारा मचाणावर बसून ज्वारीवरची पाखरे हाकी. पावसाळ्यात अंबाडीचे दोर वळी. म्हातारी नातवंडे सांभाळी, वाकळ शिवी. रोजगार हमीच्या कामावरही म्हाताऱ्या बायांना मजुरांना पाणी पाजायचे आणि त्यांची लेकरे सांभाळायचे काम मिळत असे. म्हणजे अंग थकले तरी माणूस रिकामा बसत नव्हता.

आता घरे लहान झाली. मुलगा पुण्याला कारखान्यात, मुलगी सुरतेला. गावच्या घरात दोनच जीव. मग एके दिवशी मुलगा फोनवर म्हणतो, "तुम्ही दोघं अकोल्याला वृद्धाश्रमात राहा. तिथं जेवण आहे, डॉक्टर आहे. मला इथं काळजी राहणार नाही."

वृद्धाश्रम म्हटले की गावात कुजबुज सुरू होते. 'पोरानं टाकलं' असे लोक म्हणतात. लोकांच्या बोलण्याला फार महत्त्व देऊ नये. बंद घरात म्हातारे माणूस पडले आणि दोन दिवस कोणाला कळले नाही, तर त्यापेक्षा वृद्धाश्रम बरा. पण जाण्याआधी एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. तिथे हाताला काम राहील का? आणि कामाचे चार पैसे आपल्याच हाती राहतील का?

समजा, पातूर तालुक्यातले एक जोडपे आहे. काकाजींचे वय ६७, काकूंचे ६३. काकाजींनी जन्मभर सालदारी केली. त्यांना बाज विणता येते. काकू वेचणीला जातात, निंदायला जातात. गोधडी अशी शिवतात की शेजारगावाहून लोक शिवायला कापड आणून देतात. जमीन नाही. दोन खोल्यांचे घर आहे. मुलाचा फोन आला तेव्हा दोघे ओट्यावर बसले होते.

काकाजी म्हणाले, "जाऊ ना. पोरगा पैसे भरतो म्हंते."

काकू म्हणाल्या, "पैसे भरन तो. पण दिवसभर तिथं बसून कराचं काय? हात चालू हायेत ना अजून."

त्या हिशेब करायला बसल्या. साक्षरता वर्गात बेरीज-वजाबाकी शिकल्या होत्या, ती उपयोगी पडली. समजा, आश्रमाचे दोघांचे महिन्याचे ५,००० रुपये आहेत. काकाजींना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात. ही योजना ६५ वर्षे व त्यापुढच्या गरीब माणसांसाठी आहे. कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. २०२३ साली या योजनेची रक्कम महिना १,५०० रुपये झाली. काकूंना ६५ पुरी व्हायला अजून दोन वर्षे आहेत. तोवर त्यांना ते पैसे नाहीत. मुलगा २,५०० पाठवीन म्हणतो. दीड हजार आणि अडीच हजार मिळून चार हजार झाले. एक हजार कमी पडले. शिवाय औषध आहे, चष्मा आहे, मोबाइल आहे, लेकीकडे जायचे भाडे आहे. काकाजींची तंबाखूही आहे. तंबाखू सोडावी हे खरे, पण हा धडा तंबाखूचा नाही.

आणि एखाद्या महिन्यात मुलाचेच काम सुटले तर?

म्हणून या दोघांना आराम करायला जाऊन भागणार नाही. त्यांना काम करतच तिथे राहावे लागेल. आपल्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्यांची हीच गोष्ट आहे. वृद्धाश्रमाच्या जाहिरातीत मात्र आरामखुर्चीत बसलेला म्हातारा दाखवतात. ज्याला पेन्शन आहे त्याला ते चित्र ठीक आहे.

काही आश्रम गरिबांकडून पैसे घेत नाहीत. काहींना सरकारची मदत मिळते. अशा ठिकाणी जागा थोड्या असतात. वयाची, उत्पन्नाची अट असते. जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरीत जाऊन विचारावे. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात गरीब वृद्धांसाठी निदान एक आश्रम असावा, तिथे निदान १५० जणांची सोय असावी, असे म्हटले आहे.

काकाजी आणि काकू दोन ठिकाणे पाहून आले. पहिली जागा स्वच्छ होती. फरशी चकचकीत. व्यवस्थापक म्हणाले, "इथं काहीच करायचं नाही. सकाळी चहा, मग नाश्ता, मग भजन. फाटक पाच वाजता बंद होतं."

काकाजींनी विचारले, "मले बाज इनता येते. फाटकाच्या आत बसून इनली तं चालते का?"

"कशाला त्रास घेता बाबा? आणि इथं सगळ्या लोखंडी खाटा आहेत."

काकू फाटकाबाहेर आल्यावर म्हणाल्या, "आराम करून करून माणूस किती करन?"

दुसरी जागा इतकी चकचकीत नव्हती. मागे भाजीचा वाफा होता. तीन म्हाताऱ्या ओसरीवर शेवया करत होत्या. काकूंनी तिथल्या बाईंना सरळ विचारले, "या शेवया इकता का? पैसे कोणाले भेटतात?" हा प्रश्न फार चांगला आहे. तो विचारायला लाजू नये. कारण काही ठिकाणी 'सेवा' म्हणून दिवसभर काम करून घेतात आणि हातावर काही ठेवत नाहीत. आपले ताट धुणे, खोली झाडणे, पाळीने भाजी निवडणे हे घरचे काम झाले. त्याचे पैसे मागू नयेत. पण विकायच्या मालाचे काम असेल तर त्याची मजुरी ठरली पाहिजे, आणि ती वहीत लिहिली गेली पाहिजे. आता आपल्याला वाचता येते. महिन्याला ती वही मागून पाहावी.

जिथे सगळे काम करतात आणि सगळे आपलेपणाने राहतात, अशी वस्ती पाहायला लांब जायला नको. आपल्या अमरावतीलाच तपोवन आहे. दाजीसाहेब पटवर्धन नावाचे एक डॉक्टर होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते तुरुंगात गेलेले. १९४६ साली त्यांनी तपोवनाचे काम सुरू केले. त्या काळी कुष्ठरोग झालेल्या माणसाला गाव वेशीबाहेर काढत असे. घर तुटे, काम तुटे, मग भीक मागावी लागे. तपोवनात त्याला औषध मिळाले, आणि कामही मिळाले. कोणी शेतात जाई, कोणी सुतारकाम करी, कोणी मागावर बसे. ज्याला जेवढे झेपेल तेवढे त्याने करावे. दाजीसाहेबांना १९५९ साली पद्मश्री मिळाली. १९८६ साली ते वारले.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी असेच आनंदवन उभारले. १९४९ साली त्यांनी त्यासाठी संस्था काढली. खडकाळ माळावर ते राहायला गेले तेव्हा सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रे आणि चौदा रुपये होते. सगळ्यांनी मिळून विहीर खोदली, भाजी पिकवली. पहिल्याने गावचे लोक ती भाजी घेईनात. पुढे घेऊ लागले.

आता पाहा, कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. पुष्कळ जण बरे झाले. पण घरच्यांनी त्यांना परत घेतले नाही. ते तिथेच राहिले, तिथेच म्हातारे झाले. तरुणपणी जो शेतात खपला तो पुढे बसून करायचे काम करू लागला. ही माणसे काही हौसेने घर सोडून गेली नव्हती. तरीही ती जागा त्यांचे घर झाली, कारण तिथे त्यांच्या हातांना किंमत होती. वृद्धाश्रम काढणाऱ्यांनी एकदा तपोवन पाहून यावे असे मला वाटते. आरामखुर्च्या नंतर घ्याव्यात.

दूर जपान देशातही हा विचार झालेला आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांची संख्या फार आहे. टोकियो शहरात १९७० नंतरच्या काळात म्हाताऱ्यांना हलके काम मिळवून देणाऱ्या संस्था निघाल्या. १९८६ साली त्यासाठी कायदाही झाला. साठीच्या पुढचा माणूस तिथे नाव नोंदवतो. बागेची छाटणी, साफसफाई, सायकली राखणे, अशी थोड्या तासांची कामे त्याला मिळतात. आपल्या काकाजींची बाज आणि काकूंची गोधडी ही कामे त्याच जातीची आहेत.

आता घराचे पाहू. यात माणसे फार फसतात. मुलगा म्हणतो, "तुम्ही आश्रमात जाणार, मग घर माझ्या नावानं करून द्या." काही मुले चांगल्या मनाने म्हणतात, काही नाही. दोन्ही वेळी कागद सारखाच असतो. म्हणून घाई करू नये. घर विकले आणि आश्रमात जमले नाही, तर परत कुठे यायचे? बंद ठेवावे, नाही तर भाड्याने द्यावे. भाड्याचे पैसे आपल्या खात्यात यावेत.

घर मुलाला द्यायचेच असेल तर बक्षीसपत्रात स्वच्छ लिहून घ्यावे: 'मुलाने आम्हाला सांभाळावे, आमच्या गरजा पुरवाव्यात, या अटीवर घर देत आहोत.' साठ वर्षे पुरी झालेल्या माणसाने अशी अट घालून घर दिले आणि पुढे मुलाने सांभाळले नाही, तर २००७ च्या त्या कायद्याने ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अट कागदावर नसेल तर भांडण अवघड होते. पोटगीही मागता येते. त्यासाठी एसडीओ साहेबांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. वकील लागत नाही. ज्यांना मूलबाळ नाही, त्यांना आपली मालमत्ता ज्या नातेवाइकाला मिळणार आहे त्याच्याकडून पोटगी मागता येते.

आणि अंगठा उठवू नये. सही येते ना? मग आधी सगळा कागद वाचावा. अडला शब्द विचारावा. समोरचा म्हणेल, "काकाजी, वेळ नाही." त्याला म्हणावे, "मंग उद्या येतो."

बँकेचे पासबुक, आधार कार्ड, रेशन कार्ड आपल्याजवळ ठेवावे. आश्रमात 'आम्ही सांभाळतो' म्हणून मागतात. नकला द्याव्यात, मूळ कागद देऊ नयेत. श्रावणबाळचे पैसे बँकेत जमा होतात. ते चालू राहावेत म्हणून दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. गाव बदलले म्हणून तो चुकू देऊ नये. आश्रमाने अनामत रक्कम घेतली असेल तर पावती घ्यावी. सोडून जायचे ठरले तर ती परत मिळेल का? दोघांपैकी एक गेले तर दुसऱ्याचे काय? हे प्रश्न अशुभ वाटतात, पण आधीच विचारावेत.

काकाजी आणि काकूंनी दुसरी जागा पसंत केली. पण घर विकले नाही. एक महिना राहून पाहायचे ठरवले. किल्ली शेजारणीजवळ दिली. काकाजींनी बाजेची दोरी सोबत घेतली, काकूंनी सुया आणि दोरा. जाण्याआधी काकूंनी मुलाला फोन लावला.

"आम्ही जातो रे बापू. पण घराचा कागद आता नाही करत. महिनाभरानं पाहू."

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं माय."

आश्रमातल्या बाईंना काकूंनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की त्या आठ दिवस गावी जातील. तिथले शेतकरी त्यांना ओळखतात, काम मिळते. एस.टी.ला बायांना अर्धे तिकीट आहे. पासष्टीच्या पुढच्या माणसालाही अर्धेच आहे. काकाजी पंचाहत्तरीला पोचले म्हणजे त्यांना तेही लागणार नाही. तेव्हा दोघे मिळून एकाच तिकिटाच्या पैशात पातूरला जातील आणि येतील.