पत्ता उजवीकडून वाचावा

विडी कामगारांसाठी २००६ साली उभी राहिलेली कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत आणि १९ जानेवारी २०२४ रोजी जेथील पंधरा हजार घरे कष्टकऱ्यांच्या स्वाधीन झाली ते रे नगर, या दोहोंमुळे आमच्या कुंभारीत घरकुल, हप्ता, अनुदान हे शब्द इतके घरोघर रुळले आहेत की, त्यांचा आधार घेऊन येणाऱ्या कोणत्याही संदेशावर माणसे निम्मा विश्वास आधीच टाकून बसतात. असाच एक संदेश, शेजारच्या एका भगिनीने मजुरीतून शिल्लक टाकलेली रक्कम खात्यातून गेल्यानंतर, माझ्यापुढे वाचावयास आला. त्यातील दुव्याच्या पत्त्यात आवास योजनेचे नाव होते, ‘गव्ह’ होते, ‘इन’ही होते, मात्र त्यांच्यामध्ये टिंबांऐवजी आडव्या रेघा होत्या आणि सर्वांच्या शेवटी होते ‘डॉट टॉप’.

“काका, सरकारचं नाव होतं की ओ त्यात!” ती म्हणाली.

नाव होते, हे खरेच. पत्ता कोणत्या टोकाकडून वाचावा, एवढेच तिला कोणी कधी सांगितले नव्हते.

‘मौजे कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर, जिल्हा सोलापूर’ या दप्तरी रिवाजात जसजसे उजवीकडे जावे तसतसा अंमल मोठा होत जातो; इंटरनेटच्या पत्त्याचीही रीत तीच आहे. आरंभीच्या दोन जोडीच्या तिरक्या रेघा सोडून, पुढे जी पहिली एकेरी तिरकी रेघ येईल तिच्या अलीकडचाच मजकूर घ्यावा आणि तो शेवटाकडून पाहावा. अखेरचे पद कोणाच्या अमलातले, त्यालगतचे नाव कोणी नोंदविलेले, हे कळले की पुरे. त्याच्याही डावीकडे मालकाने सरकार, बँक वा देवस्थान यांपैकी काहीही लिहावे, त्यास कोणाच्या परवानगीची जरूर नसते.

‘डॉट कॉम’ १९८५ मध्ये व्यापारी आस्थापनांसाठी निघाले खरे, परंतु आज जो शुल्क भरील त्यास ते मिळते. ‘डॉट ऑर्ग’ असल्याने कोणी धर्मादाय ठरत नाही. ‘डॉट को’ हे घाईत अर्धवट राहिलेले ‘कॉम’ नसून कोलंबिया देशाचे पद आहे. आपले ‘डॉट इन’ही २००५ पासून सर्वांस खुले आहे, आणि २०१४ मध्ये देवनागरीत आलेल्या ‘डॉट भारत’विषयी, लिपी आपली म्हणून मालकही सज्जन, असा समज करून घेऊ नये. ‘डॉट गव्ह डॉट इन’ मात्र केवळ शासकीय कार्यालयांनाच दिले जाते. सोलापूर जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ याच पदाखाली आहे. बँकांनीही ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पदाखाली यावे, असे रिझर्व्ह बँकेने फर्माविले. ही तजवीज पुष्कळ आधी व्हावयास हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतक्याउपर रक्कम गेलीच, तर लाजेने घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्क्षणी तक्रार नोंदवावी. पैसा पुढच्या खात्यातून काढला जाण्यापूर्वी वर्दी पोहोचली, तर तो गोठविता येतो.